तेरा बिया

पेडण्याहून सव्वासातची कदंबा चुकली
म्हणून उगव्याला पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती.
प्रतिज्ञा म्हामल टीचरने खुर्ची पुसून ठेवली होती माझ्यासाठी.
मी मागच्या बाकावर बसले, गुडघे पोटाशी घेऊन.
पोरांनी माना वळवून वळवून मला पाहून घेतलं
आणि पाच मिनिटांत विसरून गेली.
ती विसरली नाही.
तिचा खडू दोनदा मोडला.

तिसरी-चौथी एकाच खोलीत. वजाबाकी.
टेबलावर काजूच्या बिया.
"तेरा बियांतल्या पाच भाजल्या. उरल्या किती?"
"आठ!" निहाल. दर वेळी निहाल.
प्रश्नाचा शेवटचा शब्द जमिनीला लागायच्या आत
तो वरच्यावर झेलायचा.

खात्याचा छापील कागद असतो माझ्याकडे.
फलकलेखन. शैक्षणिक साधने. वर्गनियंत्रण. शेरा.
मी तो उलटा करते, पाठकोऱ्या बाजूला वर्ग काढते:
दार, फळा, बाक,
आणि टीचर ज्याला विचारील त्याच्या चौकोनात एक रेघ.
तास संपला तेव्हा दाराकडे रेघांचं कुंपण झालेलं.
खिडकीकडची रांग कोरी.
तिथे शिवलीला राठोड बसते. बाप चिऱ्यांच्या खाणीवर.
घरी लमाणी, रस्त्यावर कोंकणी, पुस्तकात मराठी.
तिचे ओठ चार वेळा उघडलेले मी पाहिले,
चार वेळा मिटलेले.

मलाही पाहिलं होतं कुणीतरी,
साखळीच्या शाळेत, सत्त्याऐंशी साली.
साहेबांनी पोरांदेखत फळ्यावरचा ऱ्हस्व दाखवला, चहा घेतला, गेले.
मी महिनाभर घरी वेलांट्या गिरवल्या.
शिकवणं होतं तसंच राहिलं.

मधल्या सुट्टीत, पाव-भाजीच्या रांगेमागे,
मी प्रतिज्ञापुढे तो कागद धरला. बोलले काहीच नाही.
तिने बोटाने खिडकीची रांग चाचपली,
जशी कोरी जागा हाताला लागते की काय.
मग म्हणाली, "मान्य मॅडम.
पण पुढच्या सोमवारी तुम्ही शिकवा. मी बसते मागे."

वीस वर्षं झाली होती मला खडू सोडून.

सोमवारी त्याच बिया.
विचारलं. थांबले.
केवढी शांत होते खोली!
बाहेर कुणाच्या तरी भाटात कोयता वाजत होता,
छातीत कुणीतरी घाई करू लागलं,
आणि मीच म्हणाले, "आठ ना रे?"
मागे पेन्सिल हलली.

"दोन सेकंद," ती नंतर म्हणाली. "मोजले.
आणि मान हलवतात त्यांच्याकडेच बघता तुम्ही."
तिच्या आवाजात सूड नव्हता.
थोडा होता.

सुट्टीनंतर ती उभी राहिली, मी बाजूला.
प्रश्न विचारून तिने हात पाठीमागे नेला,
बोटं मुडपू लागली.
एक. दोन. निहाल उसळला,
तिने पाहिलंच नाही. तीन. चार.
पाचव्या बोटाला खिडकीकडून आलं:
"तेरा."

वर्ग फुटला हसून.
प्रतिज्ञाने हसणं ओसरू दिलं. "का गं?"
"भाजल्यो तरी आसात न्हय टीचर.
खाल्ल्यो खंय?"

आमची दोघींची मिळून पन्नासेक वर्षांची नोकरी,
आणि एकीलाही दिसलं नव्हतं
की भाजलेली बी कुठे जात नाही.
तिने डस्टर उचलला, 'भाजल्या'पर्यंत नेला,
खाली ठेवला.
"आणखी कोण बोलतंय?" म्हणाली,
आणि पुन्हा हात पाठीमागे.

परतीच्या बसमध्ये शेऱ्याची चौकट भरायला घेतली.
दीड ओळीची जागा असते.
रस्ता उखडलेला, अक्षर तिरकं तिरकं गेलं.
एक वेलांटी नक्की चुकली.
राहू दिली.